नेपाळ: शांतता झाली, हिशेब राहिला

शांतता करारांच्या यशाची गोष्ट निघाली की नेपाळचं नाव हटकून येतं. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवाद्यांनी सुरू केलेलं ‘जनयुद्ध’ २१ नोव्हेंबर २००६ च्या विस्तृत शांतता कराराने संपलं. पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवादी नेते पुष्पकमल दहाल, म्हणजे प्रचंड, यांनी त्यावर सह्या केल्या. तोवर सुमारे १७ हजार माणसं मेली होती. करारानंतर दीड वर्षाच्या आत संविधान सभेची निवडणूक झाली, २८ मे २००८ ला राजेशाही गेली, माओवादी सैन्य छावण्यांत गेलं आणि युद्ध पुन्हा पेटलं नाही. साक्षरता २००१ मध्ये ५४ टक्के होती, २०२१ च्या जनगणनेत ती ७६ टक्के झाली. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १९९६ मध्ये एक लाख जन्मांमागे ५३९ होतं, ते २०२१ मध्ये १५१ वर आलं. जातीच्या आणि पितृसत्तेच्या ओझ्याखाली पिढ्यान् पिढ्या दबलेल्या गरीब डोंगरी देशासाठी ही कमाई लहान नाही.

यातलं काहीही खोटं नाही. पण त्यावरून जो निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो मला पटत नाही. आधी शांतता आली आणि तिच्या मागोमाग सामाजिक प्रगती आली, असं सांगितलं जातं. आकडे तारीखवार लावले की हे टिकत नाही.

गरिबीचंच पाहू. नेपाळच्या राहणीमान सर्वेक्षणानुसार १९९५-९६ मध्ये ४२ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. २००३-०४ मध्ये ते प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. मधली वर्षं ऐन युद्धाची. नोव्हेंबर २००१ मध्ये आणीबाणी लागली, सैन्य बराकींतून बाहेर पडलं आणि मृत्यूंचा आकडा झपाट्याने चढला. त्याच काळात गरिबीचं प्रमाण अकरा टक्केबिंदूंनी घटलं. माता मृत्यूंचं प्रमाणही १९९६ च्या ५३९ वरून २००६ पर्यंत २८१ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आलं होतं, आणि करारावरची शाई तेव्हा वाळायची होती. पुढच्या दहा वर्षांत, शांततेच्या काळात, ते २३९ पर्यंतच उतरलं.

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. गावोगावच्या महिला आरोग्य स्वयंसेविकांची योजना १९८८ पासून चालू होती आणि युद्धातही ती बंद पडली नाही. गर्भपात २००२ मध्ये कायदेशीर झाला. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देण्याची योजना २००५ ची. गरिबी हटवली ती मात्र घराबाहेर पडलेल्या तरुणांनी. माओवाद्यांची ‘एका घरातून एक माणूस’ ही मोहीम एका बाजूला आणि सैन्याचा संशय दुसऱ्या बाजूला. या कात्रीतून सुटायला डोंगरातली पोरं मलेशियाला, आखातात आणि भारतात पांगली. अछाम, डोटी, बझाङ या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतून मुंबईला येण्याची वाट जुनीच होती. युद्धाने ती गर्दीची केली. आपल्या सोसायट्यांच्या फाटकावर रात्रभर जागणारे, हॉटेलांच्या भटारखान्यात राबणारे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी आपण रोज पाहतो. त्यांनी गावी पाठवलेल्या पैशावर तिकडची चूल पेटली, मुलं शाळेत गेली, बायको दवाखान्यात बाळंत झाली. परदेशातून येणारा हा पैसा आज नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतका आहे.

म्हणून दोन्ही बाजूंचे दावे मी बाजूला ठेवतो. युद्धामुळे समाज पुढे गेला, असं माओवादी सांगतात. शांततेमुळे गेला, असं देणगीदार देशांचे अहवाल सांगतात. सरासरीचे हे आकडे दोघांच्याही हातात नव्हते. करार नसता तरी त्यातले बरेचसे असेच हलले असते. मग कराराने नेमकं काय केलं आणि काय केलं नाही, हे वेगळं तपासायला हवं. या वीस वर्षांकडे पाहून माझं मत असं झालं आहे: करारातली जी गोष्ट कायद्यात आकडा घालून बांधली गेली, ती पुढे गेली. जी गोष्ट सह्या करणाऱ्या दोन पक्षांच्या मर्जीवर सोडली, ती जिथल्या तिथे राहिली. आणि त्या राहिलेल्या गोष्टीने पुढे गेलेल्या गोष्टीलाही पोखरलं.

जे झालं ते आधी, कारण ते खरोखर मोठं आहे. शांततेच्या वाटाघाटींना बसलेल्यांत स्त्रिया नव्हत्या. माओवादी सैन्यात हजारोंनी बायका लढल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले, त्यांत ३,८४६ स्त्रिया होत्या. तरीही टेबलाभोवती पुरुषच, आणि तेही बहुतेक डोंगरातल्या उच्चवर्णीय घरांतले. असं असताना २००८ च्या ६०१ जणांच्या संविधान सभेत १९७ स्त्रिया आल्या. दलित, जनजाती म्हणजे आदिवासी, मधेशी म्हणजे भारताला लागून असलेल्या तराईच्या मैदानी पट्ट्यातले, असे अनेक जण त्या सभागृहात प्रथमच बसले. हे कुणाच्या मोठ्या मनामुळे झालं नाही. निवडणूक कायद्याने प्रत्येक पक्षाच्या यादीत कुणाचा किती वाटा हे ठरवून दिलं होतं, आणि तो न भरता यादीच मंजूर होत नव्हती.

या वाटणीचा खरा कस लागला तो २०१७ च्या स्थानिक निवडणुकांत. तिकडे गावपालिका आणि नगरपालिका मिळून ७५३ स्थानिक सरकारं आहेत. त्यांच्या खाली ६,७४३ वडा, म्हणजे आपल्या भाषेत प्रभाग. प्रत्येक वड्यात पाच जण निवडायचे: एक अध्यक्ष, दोन खुल्या जागा, एक जागा स्त्रीची आणि एक जागा दलित स्त्रीचीच. त्या एका नियमाने ६,५६७ दलित स्त्रिया एकाच फेरीत निवडून आल्या. एकूण सुमारे ३५ हजार लोकप्रतिनिधींत १४ हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. पावणेदोनशेच्या आसपास दलित स्त्रियांच्या जागा रिकाम्या राहिल्या, कारण तिथे उमेदवारच मिळाली नाही. मला ही रिकामी जागाही महत्त्वाची वाटते. ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकायची सोय कायद्याने ठेवली नव्हती, म्हणून गावाला ती दिसत राहिली.

या बायका नावापुरत्याच, कारभार नवरेच करतात, असा आक्षेप नेपाळमध्ये घेतला जातो. महाराष्ट्राला हा आक्षेप नवा नाही. १९९३ नंतर आपल्याकडे ‘सरपंचपती’ उभे राहिले, त्यांच्यावर हसून झालं, आणि दहा-पंधरा वर्षांत त्याच जागांवरून स्वतः कारभार हाकणाऱ्या, ग्रामसेवकाला जाब विचारणाऱ्या बायका पुढे आल्या. त्याला वेळ लागतो आणि तो वेळ मिळायला जागा राखलेलीच राहावी लागते. नेपाळने तर एक पाऊल पुढे टाकलं. प्रत्येक पालिकेत उपप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली न्यायिक समिती असते, आणि २०१७ मध्ये ७५३ पैकी ७०० उपप्रमुख स्त्रिया होत्या. नवऱ्याची मारहाण, थकलेली मजुरी, शेताचा बांध, पाण्याचा पाट अशा तक्रारी घेऊन माणसं एका बाईसमोर उभी राहू लागली. जिथे परवापरवापर्यंत गावचे पुढारी पारावर बसून निवाडे करत होते, तिथे हा बदल मी कोणत्याही साक्षरतेच्या टक्केवारीपेक्षा मोठा मानतो.

पळवाटही तिथेच सापडली, हेही सांगायला हवं. कायदा म्हणतो, प्रमुख आणि उपप्रमुख या दोन्ही पदांना एकाच पक्षाने उमेदवार दिले तर त्यांत एक स्त्री असावी. पक्षांनी पहिल्या वेळी पुरुषांना प्रमुख केलं आणि स्त्रियांना उपप्रमुख. ७५३ मध्ये स्त्री प्रमुख अवघ्या १८. दुसऱ्या वेळी, २०२२ मध्ये, त्यांनी आघाड्या केल्या. एक पद एका पक्षाचं, दुसरं दुसऱ्याचं, म्हणजे नियम कुणालाच लागू नाही. उपप्रमुख स्त्रियांचं प्रमाण ९३ टक्क्यांवरून तीन-चतुर्थांशाच्या आसपास घसरलं. आकडा जिथे घट्ट होता तिथे जागा टिकली. जिथे ‘जर’ आणि ‘तर’ होतं, तिथून ती काढून घेतली गेली.

जात अर्थातच वड्यातल्या एका जागेने हलत नाही. २३ मे २०२० रोजी पश्चिम रुकुम जिल्ह्यात जाजरकोटचा एक दलित तरुण आपल्या उच्चवर्णीय प्रेयसीला आणायला मित्रांसह तिच्या गावी गेला. गावाने त्यांचा पाठलाग केला. सहा तरुणांचे मृतदेह भेरी नदीत सापडले. आरोपींमध्ये त्या वड्याचा निवडून आलेला अध्यक्षही होता. रुकुम म्हणजे जनयुद्धाचा बालेकिल्ला. जातीअंताच्या घोषणा जिथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने दिल्या गेल्या, तिथे चौदा वर्षांच्या शांततेनंतर हे घडलं. पण या खटल्याचा निकाल लागला. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने अनेकांना जन्मठेप ठोठावली. नेपाळचे पोलीस तपास करू शकतात, न्यायालयं शिक्षा देऊ शकतात, एवढं त्यातून दिसलं. मग युद्धातल्या खुनांच्या बाबतीत त्याच यंत्रणेला काय झालं?

शांतता कराराच्या ५.२.३ या कलमात दोन्ही बाजूंनी कबूल केलं होतं की बेपत्ता केलेल्या आणि मारल्या गेलेल्या माणसांची खरी नावं, जात आणि पत्ते साठ दिवसांच्या आत जाहीर करू आणि कुटुंबीयांना कळवू. साठ दिवस. त्यासाठी ना न्यायालय लागत होतं, ना साक्षीपुरावे. सैन्याकडे त्याच्या नोंदी होत्या, माओवाद्यांकडे त्यांच्या. ती यादी आजवर आली नाही. सत्य आणि मेलमिलाप (म्हणजे सलोखा) आयोग आणि बेपत्ता व्यक्तींचा आयोग हे दोन्ही स्थापन झाले तेच फेब्रुवारी २०१५ मध्ये, सव्वाआठ वर्षांनी. पहिल्याकडे सुमारे ६३ हजार तक्रारी आल्या, दुसऱ्याकडे तीन हजारांहून जास्त. सदस्य नेमले गेले, मुदती संपल्या, वाढवल्या, पुन्हा संपल्या. तेराशेहून अधिक माणसांचं काय झालं, हे त्यांच्या घरच्यांना अजून ठाऊक नाही.

यांतली सगळ्यात जास्त कुटुंबं पश्चिम तराईतल्या बर्दिया जिल्ह्यातली. दोनशेहून अधिक माणसं त्या एका जिल्ह्यातून नाहीशी झाली, त्यांतली बहुतेक तिथल्या थारू या आदिवासी समाजातली. थारूंच्या पिढ्या जमीनदारांच्या घरी ‘कमैया’ म्हणून वेठीला होत्या. ती प्रथा सरकारने जुलै २००० मध्ये रद्द केली, पण जमीन हाती आली नाही. माओवाद्यांनी जमीन कबूल केली, म्हणून थारू त्यांच्याकडे वळले आणि म्हणून सैन्याने त्यांना घरातून उचललं. करारात जमीन सुधारणेचं कलमही आहे. आयोग बसले, अहवाल आले, फडताळात गेले. नवरा रात्री नेला गेलेल्या बाईपुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. कपाळीचा सिंदूर आणि गळ्यातली पोत ठेवली तर गाव नाव ठेवतं, काढली तर आपणच नवऱ्याला मेलेला ठरवला असं होतं. त्याला मृत म्हणून नोंदवल्याशिवाय जमीन तिच्या नावावर चढत नाही. शेवटी पोटासाठी तिनेच सरकारी कचेरीत जाऊन त्याच्या मृत्यूचा कागद मागायचा, आणि ज्यांनी त्याला नेलं त्यांनी काहीच सांगायचं नाही. साक्षरतेत आणि आरोग्यात तिची मोजदाद होते. या बाबतीत तिची मोजदाद कुठल्याच तक्त्यात नाही.

बलात्कार झालेल्या स्त्रियांची गत तर त्याहून वाईट. युद्धकाळातल्या नेपाळी कायद्यात बलात्काराची तक्रार ३५ दिवसांत करावी लागे. बलात्कार करणारे गणवेशात किंवा बंदुकीसह गावात वावरत असताना कुठली बाई ३५ दिवसांत पोलीस चौकीत गेली असती? करारानंतर सरकारने मृतांच्या आणि बेपत्तांच्या कुटुंबांना टप्प्याटप्प्याने दहा लाख नेपाळी रुपयांपर्यंत अंतरिम मदत दिली. त्या मदतीच्या यादीत बलात्कारपीडित स्त्रियांचा समावेशच नव्हता. त्यांना पीडित म्हणून मान्यता मिळायला वाट पाहावी लागली ती या आयोगांच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीची. वीस वर्षांपूर्वी सतरा-अठरा वर्षांची असलेली मुलगी आता चाळिशीला टेकलेली असते. नवरा, मुलं, सासर यांच्यापासून तिने जे लपवून ठेवलं, ते आता एका छापील अर्जात भरून द्यायला तिला सांगितलं जातं.

एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळं येतं. काभ्रे जिल्ह्यात फेब्रुवारी २००४ मध्ये एका बाईने आपल्या भाचीवर सैनिकांनी केलेल्या अत्याचाराबद्दल आणि तिच्या हत्येबद्दल उघडपणे तोंड उघडलं. काही दिवसांत सैनिक तिच्या घरी आले. ती घरी नव्हती, म्हणून त्यांनी तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीला, मैना सुनुवारला नेलं. पांचखालच्या छावणीत पाण्यात बुडवून, विजेचे झटके देऊन तिचा छळ झाला आणि ती मेली. तिला त्याच छावणीच्या आवारात पुरलं. ही छावणी म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी नेपाळी सैनिकांना तयार करणारं प्रशिक्षण केंद्र. सैन्याच्या आपल्या न्यायालयाने तीन अधिकाऱ्यांना सहा महिन्यांची शिक्षा दिली, आणि तीही भोगून झाल्याचं मानलं. आईने पाठ सोडली नाही. २००७ मध्ये सांगाडा उकरून काढला गेला. एप्रिल २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने तिघा माजी अधिकाऱ्यांना खुनासाठी दोषी ठरवलं, त्यांच्या गैरहजेरीत. तुरुंगात कुणी गेलं नाही.

दुसऱ्या बाजूचा हिशेब याहून निराळा नाही. ओखलढुंगा जिल्ह्यातल्या एका खुनात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये जन्मठेप कायम केलेला माओवादी नेता संविधान सभेत बसत राहिला. त्याला अटक झाली २०१७ मध्ये, आणि २०१८ च्या गणतंत्र दिनी उरलेली शिक्षा माफ झाली. प्रचंड यांनी जानेवारी २०२० मध्ये जाहीर सभेत सांगितलं की १७ हजारांपैकी पाच हजार मृत्यूंची जबाबदारी मी घेईन. त्यानंतरही ते पंतप्रधान झाले.

हे सगळं होण्याचं कारण कराराच्या रचनेत आहे. महिलांच्या जागा वाढल्याने कोइरालांच्या नेपाळी काँग्रेसचं किंवा माओवाद्यांचं फारसं बिघडत नव्हतं. एखाद्या पुढाऱ्याचं तिकीट गेलं असेल, एवढंच. युद्धातल्या गुन्ह्यांच्या चौकशीत मात्र दोघांचीही माणसं अडकत होती. एकाने दुसऱ्याची फाइल उघडली की दुसरा पहिल्याची उघडणार. म्हणून सत्तेवर कुणीही असो, या एका बाबतीत दोघांची युती कायम राहिली. कलमं होती, मुदती होत्या. मुदत चुकली तर पुढे काय, आणि ते पाहणारा तिसरा कोण, हे लिहिलेलं नव्हतं.

या मुद्द्यावर एक गंभीर प्रतिवाद आहे आणि तो मी टाळत नाही. न्यायाचा आग्रह धरला असता तर शांतताच मोडली असती, असं अनेक जबाबदार माणसं सांगतात. २००६ ते २०१२ पर्यंत यात तथ्य होतं. देशात दोन सैन्यं होती. एक बराकींत, एक छावण्यांत. कुणाच्याही सेनापतीला बेड्या पडल्या असत्या तर बंदुका पुन्हा बाहेर आल्या असत्या. पण २०१२ मध्ये छावण्या राष्ट्रीय सैन्याच्या ताब्यात गेल्या. माओवाद्यांपैकी सुमारे चौदाशे जण राष्ट्रीय सैन्यात गेले, बाकी बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरची वाट धरली. (पडताळणीत अल्पवयीन ठरलेल्या २,९७३ मुलामुलींच्या कपाळी ‘अयोग्य’ हा शिक्का मारून त्यांना २०१० मध्येच बाहेर काढलं होतं, रोख रक्कम न देता. ज्या पक्षाने त्यांच्या हाती बंदूक दिली, त्याला त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.) २०१२ नंतर युद्ध पेटवायला दुसरं सैन्यच उरलं नव्हतं. तेव्हापासून ‘शांतता मोडेल’ हे कारण संपलं. उरली ती सोय.

कोलंबियाचा अनुभवही या प्रतिवादाच्या विरोधात जातो. तिथे २०१६ च्या करारात फार्क या बंडखोर संघटनेने आणि सरकारने एक विशेष न्यायाधिकरण करारातच बसवलं. खरं सांगणाऱ्याला तुरुंगाऐवजी नुकसान भरून काढणारी कामं, खोटं बोलणाऱ्याला तुरुंग, असा त्याचा नियम. तरीही फार्कने २०१७ मध्ये शस्त्रं खाली ठेवली. त्याच न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये सांगितलं की २००२ ते २००८ या काळात सैन्याने किमान ६,४०२ निरपराध माणसांना मारून त्यांना गनीम म्हणून दाखवलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये फार्कच्या वरच्या नेत्यांना आणि पाठोपाठ माजी सैनिकांनाही पहिल्या शिक्षा झाल्या. कोलंबिया स्वर्ग झालेला नाही. करारानंतर शस्त्रं टाकलेले चारशेहून अधिक बंडखोर मारले गेले आणि जमिनीचं वाटप तिथेही रखडलं आहे. पण मारणाऱ्याच्या तोंडून मेलेल्याचं नाव ऐकण्याचा हक्क तिथल्या आयांना मिळाला. एल साल्वाडोरने उलट वाट धरली. १५ मार्च १९९३ ला सत्य आयोगाचा अहवाल आला आणि पाच दिवसांत संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा केला. पुढची तीस वर्षं तो देश टोळ्यांच्या खुनांनी आणि नंतर एकहाती सत्तेने ग्रासलेला राहिला. त्याला इतरही कारणं होती. पण खून पचतो, हा धडा राज्यानेच दिला होता.

नेपाळमध्येही तो धडा खुनापाशी थांबला नाही. ज्या पक्षांनी एकमेकांचे खून झाकले, ते एकमेकांचे घोटाळे का उघड करतील? ४० मागण्यांचं निवेदन घेऊन माओवादी १९९६ मध्ये ज्यांच्याकडे गेले, ते पंतप्रधान शेरबहादूर देउबा होते. २०२१ मध्येही पंतप्रधान देउबाच झाले. २०१५ ते २०२५ या दहा वर्षांत प्रचंड, देउबा आणि के. पी. शर्मा ओली यांनीच आलटून पालटून ती खुर्ची वापरली. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्यावर २०१७ मध्ये महाभियोगाचा प्रस्ताव आणला तो काँग्रेस आणि माओवादी या दोन पक्षांच्या खासदारांनी, म्हणजे करारावर सह्या करणाऱ्यांच्याच वारसांनी. सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरच्या बंदीचं निमित्त झालं आणि तरुण रस्त्यावर आले. पहिल्याच दिवशी १९ जण पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, एकूण सत्तरहून अधिक. संसद जळली, सिंहदरबार हे सरकारचं मुख्यालय जळलं, सर्वोच्च न्यायालयही जळलं आणि त्यासोबत असंख्य खटल्यांची कागदपत्रं. ओलींनी राजीनामा दिला आणि हंगामी पंतप्रधान म्हणून सुशीला कार्की आल्या. रस्त्यावरची बहुतेक मुलं युद्ध संपताना रांगत होती किंवा जन्मलीही नव्हती. त्यांच्या घोषणा भ्रष्टाचाराच्या, पुढाऱ्यांच्या मुलांच्या चैनीच्या होत्या. मला त्यांच्या रागाच्या मुळाशी तेच दिसतं: या देशात वरच्यांचं काहीही वाकडं होत नाही.

महाराष्ट्रात हे वाचताना गडचिरोली आठवल्याशिवाय राहत नाही. १५ ऑक्टोबर २०२५ ला तिथे भूपती या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह शस्त्रं ठेवली. आपल्याकडे करार नाही, आत्मसमर्पण आहे. प्रमाणही नेपाळएवढं नाही. पण दलमने, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीने, ‘खबरी’ ठरवून मारलेल्या आदिवासींची आणि चकमकीत मेलेल्या म्हणून दाखवलेल्यांपैकी ज्यांच्याबद्दल घरचे वेगळं सांगतात त्यांची, अशी दोन्हीकडची यादी कुणी करणार आहे का? रस्ते, मनोरे आणि खाणी आल्या की हा प्रश्न मिटेल असं मानणाऱ्यांनी बर्दियाकडे पाहावं.

नेपाळमध्ये काय करता येईल, याबद्दल माझी एक ठाम सूचना आहे. कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांचा मार्ग थोडा उघडला, पण शिक्षेत ७५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूदही ठेवली. आणि २०२५ मध्ये आयोगांवर नवे सदस्य नेमले तेव्हा पीडितांच्या संघटनांनीच आक्षेप घेतला की ही पुन्हा पक्षांची वाटणी आहे. काठमांडूत बसून ही गाठ सुटणार नाही. करारातून जे एक खरं निर्माण झालं, ते म्हणजे वडा. तिथल्या दोन स्त्री सदस्यांना आणि पालिकेच्या न्यायिक समितीला बेपत्तांची नोंद घ्यायचा, बलात्कारपीडितेचा जबाब गुप्तपणे लिहून घ्यायचा आणि आयोगाने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही तर थेट उच्च न्यायालयात जायचा अधिकार कायद्याने द्यावा. मुदतही आकड्यात लिहावी आणि ती चुकवण्याची किंमतही.

यावर लगेच म्हटलं जाईल की त्या बायकाही कुठल्या ना कुठल्या पक्षाच्याच तिकिटावर आलेल्या असतात, त्यांच्यावर दबाव येईल. येईलच. बर्दियातल्या वड्यात निवडून आलेली थारू किंवा दलित बाई एका रात्रीत निर्भय होणार नाही. पण जिचा नवरा नेला गेला ती बाई तिला नावाने हाक मारू शकते, पाणवठ्यावर अडवून विचारू शकते, आणि पाच वर्षांनी मत न देऊन घरी बसवू शकते. काठमांडूच्या आयोगावरच्या एकाही सदस्याच्या बाबतीत तिला आजवर यातलं काहीही करता आलेलं नाही.